कम्युनिटी कॉलेजातील व्यवसाय-व्यवस्थापन शिक्षण

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांमध्ये, दिले जाणारे व्यापार, हिशेब आणि व्यवस्थापन यांचे शिक्षण. ते पुरे केल्यावर असोसिएट पदवी किंवा त्याहून लहान प्रमाणपत्र मिळते. पदवीला साधारण ६० क्रेडिट (अभ्यास मोजण्याचे एकक) लागतात, म्हणजे चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या निम्मे. प्रवेश परीक्षा नाही, कट-ऑफ नाही. शाळा पुरी केलेल्या कुणालाही दार उघडे. देशभरात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत आणि तिथे मिळणाऱ्या असोसिएट पदव्यांत सर्वसाधारण शिक्षण व आरोग्यसेवा यांच्या खालोखाल हा विषय येतो. (आपल्याकडे 'व्यवसाय शिक्षण' म्हटले की आयटीआय डोळ्यांपुढे येते. इथे तो अर्थ नाही; इथे व्यवसाय म्हणजे बिझनेस.)

'कम्युनिटी कॉलेजात बिझनेस शिकतोय' एवढ्या वाक्यावरून मात्र फारसे काही कळत नाही. एकाच वर्गात दोन वेगळ्या वाटांचे लोक बसलेले असतात. एकाला दोन वर्षांनी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचे असते. दुसऱ्याला आहे त्या नोकरीत बढती हवी असते, किंवा घरचे रेस्टॉरंट नीट चालवायचे असते. दोघांच्या पदव्यांची नावे इतकी सारखी असतात की नव्या विद्यार्थ्याला फरक कळेपर्यंत पहिले सत्र संपलेले असते.

उगम

आज अस्तित्वात असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते आणि वर्ग हायस्कूलमध्येच भरत. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना होती: पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकवावीत, पुढची दोन विद्यापीठाने. त्या वेळी अशा कॉलेजांना ज्युनियर कॉलेज म्हणत. हे नाव महाराष्ट्रात अकरावी-बारावीला चिकटले आहे, म्हणून गोंधळ होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सुरुवातीच्या या आराखड्यात व्यापारशिक्षणाला जागा नव्हती. ती हळूहळू झाली, त्यातही १९२०-३० च्या दशकांत अधिक. लॉस एंजेलिसचे ज्युनियर कॉलेज १९२९ मध्ये उघडले तेव्हा 'अर्धव्यावसायिक' म्हणवले जाणारे, थेट नोकरीकडे नेणारे अभ्यासक्रम तिथे पहिल्यापासून होते. मग मंदी आली आणि टायपिंग, शॉर्टहँड, वहीखाते यांचे वर्ग भरू लागले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला. अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने १९४७ मध्ये 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या आखल्या, त्यांतली सर्वांना खुली पायरी ही. टाइपरायटर कधीच गेले. त्या खोल्यांत आता एक्सेल आणि क्विकबुक्स हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवतात, पण संध्याकाळी कामावरून थेट येणारा विद्यार्थी तोच आहे.

मॅनेजमेंटचा पेपर पुढे चालत नाही

विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याचा अभ्यासक्रम बहुतेक राज्यांत ठराविकच असतो: फायनान्शियल अकाउंटिंग, त्यानंतर मॅनेजेरियल अकाउंटिंग, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवसायासाठीचे कॅल्क्युलस, व्यापारी कायदा, शिवाय इंग्रजी लेखन, इतिहास, एखादा विज्ञान विषय. या यादीत व्यवस्थापन कुठे आहे? जवळजवळ नाहीच, आणि नवखे फसतात ते नेमके इथे. 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट' हा पेपर कम्युनिटी कॉलेजात मिळतो, नावही भारदस्त वाटते. पण बहुतेक विद्यापीठे तो तिसऱ्या वर्षाचा मानतात आणि खालून घेतलेला त्याच्या जागी धरत नाहीत. फार तर ऐच्छिक क्रेडिट म्हणून पदरात पडतो. सुपरव्हिजन, पेरोल, स्मॉल बिझनेस मॅनेजमेंट, रिटेल यांचेही तेच. म्हणजे मॅनेजमेंटची पदवी घ्यायची असेल त्याने पहिल्या दोन वर्षांत मॅनेजमेंटच्या वाटेला न गेलेलेच बरे!

नोकरीच्या वाटेवर हेच पेपर कामाचे ठरतात. अनेक राज्यांत तिथली पदवी 'असोसिएट इन अप्लाइड सायन्स' म्हणून ओळखली जाते. पाळ्यांचे वेळापत्रक लावणे, कामगाराला लेखी समज देणे, पगारातून कर कापून तो वेळेत भरणे, बँकेपुढे धंद्याचा आराखडा मांडणे, असे रोज लागणारे इथे शिकवतात आणि बऱ्याचदा शिकवणाराही दिवसा तेच काम करणारा असतो. या पदवीला कमी लेखण्याची रीत आहे. ज्याचे स्वतःचे गॅरेज आहे त्याला कॅल्क्युलसपेक्षा पेरोलचा वर्ग जास्त कामी येतो, हे कमी लेखणारे विसरतात.

कोणता पेपर कुठे चालतो हे ठरवणारे करार कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात झालेले असतात. कॅलिफोर्नियात ते 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर पेपरागणिक पाहता येतात. तिथे २०१० च्या कायद्याने विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी खास असोसिएट पदवी आली. ती घेतलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते. मात्र हमी व्यवस्थेतल्या जागेची असते, हव्या त्या कॅम्पसची नव्हे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसांचीही वेगळी हमी-योजना आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तिच्यात नाहीत. त्यामुळे जाणते समुपदेशक विद्यार्थ्याला उलटीकडून सुरुवात करायला सांगतात: आधी विद्यापीठ आणि विषय ठरव, त्यांची यादी काढ, मग इथले पेपर निवड.

यादी हातात असली तरी क्रम चुकू शकतो. मॅनेजेरियल अकाउंटिंगच्या आधी फायनान्शियल लागते, कॅल्क्युलसच्या आधी बीजगणित. गणिताला घाबरून तो विषय शेवटच्या सत्रावर ढकलणाऱ्याची दोन वर्षांची अडीच-तीन सहज होतात. पूर्वी चाचणीत कमी पडलेल्यांना बिनक्रेडिटच्या उजळणी वर्गांत बसवत आणि तिथेच पुष्कळांचा धीर सुटे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने या प्रथेला आळा घातला.

वर्गात

पहिला अकाउंटिंगचा पेपर ही या शिक्षणाची खरी चाळणी. आपल्याकडून बारावी कॉमर्स किंवा बीकॉम करून गेलेल्याला तो सोपा जाईल असे वाटते, आणि संकल्पनांपुरता जातोही. अडते ते मांडणीत. भागीदारीचा ताळेबंद घोकून घोकून डावीकडे देणी आणि उजवीकडे मालमत्ता हे हातात बसलेले असते. अमेरिकन ताळेबंदात मालमत्ता डावीकडे आणि देणी उजवीकडे. रोजकीर्दीत 'टू कॅपिटल अकाउंट' मधला 'टू' नाही आणि खुलाशातला 'बीइंग' नाही. जमेची ओळ नुसती आत सरकवून लिहायची. शेवटी आलेला माल आधी विकला असे धरणारी लिफो पद्धत तिथे चालते आणि परीक्षेत येते. भारतीय लेखामानकांनी ती मोडीत काढली आहे.

शब्दही दगा देतात. आपला 'स्टॉक' म्हणजे गोदामातला माल. तिथे त्याला इन्व्हेंटरी म्हणतात आणि स्टॉक म्हणजे शेअर. आपला 'टर्नओव्हर' म्हणजे वर्षाची उलाढाल. मनुष्यबळाच्या वर्गात टर्नओव्हर म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण. 'आमच्या कंपनीचा टर्नओव्हर फार मोठा' असे तिथे अभिमानाने सांगितले, तर वर्ग सहानुभूतीने पाहील.

वर्ग सहसा लहान असतात. विद्यापीठात पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र शेकडोंच्या सभागृहात चालते. इथे तीस-चाळीस जण असतात आणि प्राध्यापकाला नावे पाठ असतात. पण तो प्राध्यापक बहुधा अर्धवेळ. कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिक्षक पूर्णवेळांपेक्षा जास्त आहेत. काहीजण दोन-तीन कॉलेजांच्या पार्किंगांमध्ये आयुष्य काढतात. त्यांना भेटायला खोली नसते, म्हणून शंका तास संपल्यावर दाराशी उभ्यानेच विचारायची.

विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ शिकतात. शेजारच्या बाकावर अठरा वर्षांची मुलगी असेल, तशी पन्नाशीतली, स्वतःचे पाळणाघर चालवणारी बाईही. गटप्रकल्पात याचा फायदा होतो आणि तोटाही: अनुभव भरपूर, पण चौघांची एक वेळ जुळता जुळत नाही.

खर्च आणि हाती येणारे

जिल्ह्यातल्या रहिवाशाला वर्षाची फी देशभरात सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास पडते. कॅलिफोर्नियात २०१२ पासून क्रेडिटमागे ४६ डॉलर हा दर आहे, म्हणजे तीन क्रेडिटचा पेपर १३८ डॉलरला. अकाउंटिंगचे नवे कोरे पाठ्यपुस्तक पुष्कळदा याहून महाग मिळते, म्हणून राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तके लावण्याकडे आता कल आहे. टेनेसीने २०१४ च्या कायद्याने शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना कम्युनिटी कॉलेज विनाशुल्क केले. इतर राज्ये मागोमाग आली. बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याला मात्र कित्येक पट फी पडते.

स्वस्ताईची दुसरी बाजू आकड्यांत दिसते. इथे येणाऱ्यांपैकी दहांत आठांना बॅचलर पदवी हवी असते. प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांश विद्यापीठापर्यंत पोचतात आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती सहांतल्या जेमतेम एकाच्या. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच सॅन होजेच्या कॉलेजाचा अभ्यास करून म्हटले होते की ही कॉलेजे विद्यार्थ्याला सरळ नापास करत नाहीत, हळूहळू 'गार' करतात: समुपदेशन, चाचण्या आणि सौम्य शब्द यांतून मोठ्या स्वप्नाकडून लहान अभ्यासक्रमाकडे वळवतात. बिझनेस विभागात ही वळवावळव विशेष सोपी, कारण दोन्ही वाटांवर पाटी एकच असते. पण सगळा दोष समुपदेशकांच्या माथी मारणेही बरोबर नाही. दोन पाळ्या करून शिकणाऱ्याची गाडी बिघडली तरी सत्र बुडते.

फ्लोरिडाने २००१ पासून या कॉलेजांना काही बॅचलर पदव्या देण्याची मुभा दिली. मायामी डेड कॉलेजात सुपरव्हिजन अँड मॅनेजमेंटची अशी उपयोजित पदवी आहे. पदवीशिवायही काही कॉलेजांत छोट्या उद्योजकांसाठी सल्लाकेंद्रे चालतात. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने २००९ मध्ये जाहीर केलेला दहा हजार छोट्या उद्योगांचा प्रशिक्षण कार्यक्रम न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजातून सुरू झाला.

भारत, कॅनडा आणि मराठी विद्यार्थी

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आखली, पण येथे भर कौशल्य-प्रमाणपत्रांवर राहिला. तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट रुळली नाही. अमेरिकेची असोसिएट पदवी भारतातल्या बीकॉमच्या बरोबरीची नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रातून 'कॉलेजात बिझनेस करायला' परदेशी गेलेले अलीकडे बहुतेक कॅनडात गेले. ओंटारिओची सार्वजनिक कॉलेजे १९६० च्या दशकातल्या वेगळ्या कायद्याने आली आणि त्यांची पदविका पुष्कळांना शिक्षणापेक्षा नंतरच्या कामाच्या परवान्यासाठी हवी होती. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून कॉलेज पदविकाधारकांना कामाचा परवाना ठराविक क्षेत्रांपुरताच ठेवला आणि त्या यादीत बिझनेस नव्हते. एजंटांच्या माहितीपत्रकांवरची नावे रातोरात बदलली.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात भेटणारे मराठी माणूस बहुधा निराळे असते: नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेले. या व्हिसावर शिकायला आडकाठी नाही. कामाची परवानगी मात्र २०१५ पासून काहींनाच मिळू लागली. क्युपर्टिनोचे डी अँझा, न्यू जर्सीत एडिसनचे मिडलसेक्स ही कॉलेजे भारतीय वस्तीला लागूनच आहेत. एच-४ वर आलेल्या या मंडळींपैकी पुष्कळांकडे बीकॉम, एमकॉमसुद्धा असते. तरी ती येतात, कारण सीपीए (आपल्याकडच्या सीएसारख्या) परवान्यासाठी बराच काळ १५० क्रेडिटांची अट होती (अलीकडे ओहायोसारखी राज्ये पर्याय देऊ लागली आहेत) आणि तीन वर्षांची भारतीय पदवी तिथे अपुरी पडते. तुटीचे अकाउंटिंगचे पेपर विद्यापीठात घ्यायचे तर हजारो डॉलर, इथे काहीशे. मग पदवीधर बाई मुलांना शाळेत सोडून दोन वर्षांच्या कॉलेजात बसते, आणि पहिल्याच गृहपाठात मालमत्ता उजवीकडे लिहून येते.