सात दिवसांचा हिशेब, तीस दिवसांचा हिशेब

गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरात मीठ किती लागलं?

क्षणभर थांबून खरंच उत्तर द्यायचा प्रयत्न करा. पुडा आणला तो दिवस कदाचित आठवेल. पण तो कधी फोडला, आज त्यात किती उरलंय आणि मागच्या महिन्यातलं किती शिल्लक होतं? आता हाच प्रश्न तेलासाठी, भाजीसाठी, साबणासाठी, औषधांसाठी, प्रवासासाठी, मुलांच्या वह्यांसाठी विचारला जातोय असं समजा. शेकडो जिनसांची अशी यादी घेऊन घरखर्चाच्या पाहणीसाठी सरकारी सर्वेक्षक दाराशी येतो. कुणीतरी एक जण, बहुतेकदा हातातलं काम बाजूला ठेवून, आठवेल तसं सांगत जातो.

देशात गरीब किती, महागाई किती वाढली, कोणत्या करानं कुणाचं कंबरडं मोडतं, यांसारख्या प्रश्नांच्या उत्तरांचं एक टोक या दारातल्या गप्पांशी बांधलेलं असतं. तापमापकात पारा असतो, तशी या मोजमापात माणसाची आठवण असते. ती कशी चालते आणि कुठे दगा देते, हे समजून घेणं हाच मला या शास्त्राचा सगळ्यात रसाळ भाग वाटतो.

घरखर्चाचे हिशेब जमवायला सुरुवात केली ती सरकारांनी नव्हे, तर गरिबांची काळजी वाटणाऱ्या काही माणसांनी. 1790 च्या दशकात इंग्लंडमध्ये धान्य महागलं होतं. मजुरांचं कसं भागतं हे दाखवून देण्यासाठी डेव्हिड डेव्हिस या धर्मोपदेशकानं आणि त्यांच्या पाठोपाठ फ्रेडरिक ईडन यांनी मजूर कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून छापले. पुढे 1855 मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशेब प्रसिद्ध झाले. ते हाती घेतले जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगल यांनी. (मार्क्सचे सहकारी ते फ्रेडरिक एंगल्स, हे वेगळे.) 1857 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा नियम आजही जवळपास प्रत्येक देशाच्या पाहणीत दिसतो, आणि एखाद्या पाहणीत तो दिसला नाही तर संख्याशास्त्रज्ञ आधी आपली आकडेमोड तपासतात.

सगळ्या घरांना विचारणं शक्य नसतं, म्हणून नमुना निवडतात. शितावरून भाताची परीक्षा हे खरं, पण भांड्यात सगळीकडे सारखं शिजलेलं असेल तरच. समाज तसा शिजलेला नसतो. म्हणून आधी प्रदेश, शहर-खेडं, सधन-निर्धन वस्ती असे थर पाडतात, मग त्या त्या थरातून गावं आणि वॉर्ड, आणि शेवटी घरं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. निवडलेलं प्रत्येक घर आपल्यासारख्या शेकडो किंवा हजारो घरांच्या वतीनं बोलतं. भारतात 2022-23 च्या पाहणीत 2 लाख 61 हजार 746 घरांना विचारलं गेलं. एवढ्या मोठ्या देशाला तेवढी घरं पुरतात, कारण अंदाजाची अचूकता लोकसंख्येपेक्षा नमुन्याच्या आकारावर आणि निवडीच्या पद्धतीवर अवलंबून असते.

‘घर’ म्हणजे काय, हेही ठरवावं लागतं. बऱ्याच देशांत व्याख्या अशी: जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात, ते एक घर. यातही गुंता आहेच. सधन घरात पाहुणे आणि कामाला येणारी माणसं जेवतात. त्यांच्या ताटातलं अन्न घराच्याच खात्यावर पडतं, आणि ती माणसं जिथली आहेत त्या घराच्या हिशेबात ते येतच नाही. म्हणून किती बाहेरची माणसं जेवून गेली आणि घरची किती जणं बाहेर जेवली, हेही विचारतात. शेतात पिकवून घरीच खाल्लेल्या धान्याचीही किंमत लावायची असते. पैसे दिले नाहीत म्हणून ते पोटात गेलं नाही असं थोडंच आहे?

आता आठवणीकडे वळू. ती दोन प्रकारे फसवते, आणि गंमत अशी की ते दोन प्रकार एकमेकांच्या उलट दिशेनं ओढतात. पहिला साधा, विसरणं. काळ जितका लांब, तितकं सुटून जाणं जास्त. दुसरा प्रकार ऐकायला चमत्कारिक वाटेल. ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारलं की माणूस आठव्या-दहाव्या दिवसाची खरेदीही आत ओढून आणतो. दुर्बिणीतून दूरचं जवळ दिसावं तसं हे. 1964 मध्ये अमेरिकेत जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी घरदुरुस्तीच्या खर्चावर याचा नेटका अभ्यास केला आणि उपायही सुचवला: एकाच घरी दोनदा जा. दुसऱ्या भेटीत ‘मी मागे आलो होतो तेव्हापासून’ असं विचारा आणि मागच्या वेळी सांगितलेलं वगळा. पहिली भेट कुंपणासारखी काम करते.

मग सात दिवस बरे की तीस? भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं सुरू झाली, आणि लगेचच हा प्रश्न उभा राहिला. बंगालमधल्या खेड्यांत त्यांनी प्रयोग केला. आठवड्याचं विचारलं की महिन्याच्या हिशेबापेक्षा वापर जास्त भरत होता. खरं कोणतं, हे कळायला एकच मार्ग होता: घरात बसून प्रत्यक्ष वजन करणं. वजन केल्यावर तीस दिवसांचं उत्तर अधिक जवळचं निघालं. पुढची कित्येक वर्षं भारतात तीस दिवस हीच चाल राहिली. जगात मात्र बहुतेक ठिकाणी अन्नासाठी आठवडा किंवा पंधरवडा रूढ झाला.

1994 ते 1998 च्या दरम्यान भारतात पुन्हा तुलना झाली. नमुन्यातल्या काही घरांना, चिठ्ठ्या टाकून ठरवल्याप्रमाणे, जुनी तीस दिवसांची प्रश्नावली दिली. उरलेल्यांना नवी: रोजच्या अन्नासाठी सात दिवस, कपडे आणि टिकाऊ वस्तूंसाठी वर्ष. तोच देश, तीच वर्षं, तशीच माणसं. तरी नव्या प्रश्नावलीनुसार गरिबांची संख्या जवळपास निम्मी झाली. कोट्यवधी माणसं गरिबीतून वर आली, आणि त्यांच्या ताटात एक घासही वाढला नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

यात वर्षभराच्या प्रश्नाचाही हात आहे. कपड्यांचं तीस दिवसांचं विचारलं तर बहुतेक घरं ‘काही नाही’ म्हणतात आणि ज्यांनी नेमकी त्याच महिन्यात खरेदी केली त्यांचा आकडा फुगतो. वर्षाचं विचारलं की प्रत्येकाच्या खात्यावर थोडंफार पडतं. तळची घरं वर सरकतात, विषमता कमी दिसते.

1999-2000 च्या फेरीत तडजोड म्हणून अन्नाबद्दल एकाच घराला सातही आणि तीसही दिवसांचं विचारलं गेलं. माणसाचा स्वभाव असा की एक उत्तर दिलं की दुसरं त्याच्याशी जुळवून घेतो. दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकले आणि कोणताच जुन्या फेऱ्यांशी सरळ ताडून पाहता येईना. त्या दशकात गरिबी किती घटली यावर मग वर्षानुवर्षं वाद झाला. अँगस डीटन यांना 2015 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते उपभोग, गरिबी आणि कल्याण यांच्या अभ्यासासाठी. या कोड्याची उकल करणाऱ्यांत तेही होते. पुढे भारतानं जिनसानुसार तीन खिडक्या ठेवल्या: नाशवंत आणि वरचेवर लागणाऱ्या वस्तूंसाठी सात दिवस, धान्यासारख्यांसाठी तीस, आणि कपडे, शिक्षण, रुग्णालय यांसाठी वर्ष.

आठवणीला पर्याय म्हणून रोजनिशी आहे. ब्रिटनमध्ये घरखर्चाची पाहणी 1957 पासून अखंड चालू आहे. तिथे निवडलेल्या घरातली माणसं दोन आठवडे प्रत्येक खर्च लिहून ठेवतात आणि 7 ते 15 वर्षांच्या मुलांनाही सोपी डायरी दिली जाते. हा तपशील मला फार आवडतो, कारण मुलांच्या खाऊचे पैसे आईवडिलांना माहीत असतातच असं नाही. अमेरिकेत दोन्ही चालतं: किरकोळ खर्चासाठी डायरी, मोठ्या खर्चासाठी दर तिमाहीची मुलाखत. पण डायरी लिहिणारा दुसऱ्या आठवड्यात कंटाळतो, आणि जिथे लिहितावाचता येणारे कमी तिथे ती मुळातच चालत नाही. टांझानियात 2007-08 मध्ये सुमारे 4,000 घरांवर आठ वेगवेगळ्या पद्धती चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या. जिनसांची यादी आखडली की खर्च कमी भरला. ‘भाज्यांवर किती?’ या प्रश्नाला एक उत्तर येतं. एकेक भाजीचं नाव घेतलं की माणसाला आठवत जातं.

आणि काही गोष्टी आठवत असूनही सांगितल्या जात नाहीत. दारू आणि तंबाखूचे पाहणीतले आकडे करखात्याच्या विक्रीच्या नोंदींशी ताडले तर बहुतेक देशांत कमीच भरतात.

या सगळ्यातून गोळा झालेला हिशेब जातो कुठे? सगळ्यात आधी महागाईच्या निर्देशांकात. भाव तर बाजारातून कळतात, पण कोणत्या भाववाढीला किती महत्त्व द्यायचं हे घरखर्चच सांगतो. खर्चाच्या शंभर भागांतले 46 अन्नावर जात असतील आणि अन्न 10 टक्क्यांनी महागलं, तर निर्देशांक 4.6 नं चढतो. वाटा 14 असेल तर तीच भाववाढ 1.4 दाखवते. हे आकडे हवेतले नाहीत. भारताच्या 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार, म्हणजे शंभरातला वाटा, 45.86 होता. अमेरिकेत तो साधारण सातवा हिस्सा असतो. व्याजदर ठरवणाऱ्या मध्यवर्ती बँका अशाच निर्देशांकांकडे पाहतात, महागाई भत्ताही औद्योगिक कामगारांसाठीच्या अशाच निर्देशांकावर ठरतो.

म्हणून हे भार शिळे होऊ देता कामा नयेत. भारतात ते 2011-12 च्या पाहणीतले होते. 2017-18 ची पाहणी झाली, पण आकड्यांच्या दर्जाबद्दल शंका असल्याचं सांगून सरकारनं निकाल प्रसिद्ध केले नाहीत, आणि जुनेच भार आणखी कित्येक वर्षं चालले. या काळात लोकांच्या खर्चातला अन्नाचा वाटा घटत होता. माझ्या मते अशा वेळी आकडे त्यांच्या दोषांसह अभ्यासकांपुढे ठेवणंच योग्य. 1999-2000 चे सदोष आकडे खुले होते म्हणूनच त्यांतला दोष सापडला.

भारांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एक घर दहा रुपये खर्च करतं, दुसरं शंभर. दोघांचा खर्च एकत्र करून वाटे काढले की दुसऱ्या घराचं मत दहापट मोजलं जातं. बहुतेक देशांचे अधिकृत निर्देशांक असेच बांधलेले आहेत. धान्य महागतं आणि विमानप्रवास स्वस्त होतो त्या वर्षी गरीब घराला जाणवणारी महागाई अधिकृत आकड्यापेक्षा जास्त असते. तिची तक्रार खरी असते, आणि ती खरी आहे हे दाखवायलाही याच पाहणीतले उत्पन्नगटानुसारचे खर्च लागतात.

दारिद्र्यरेषेचंही तसंच. अमेरिकेत 1960 च्या दशकात मॉली ओर्शान्स्की यांनी 1955 च्या पाहणीत पाहिलं की तीन किंवा अधिक माणसांची कुटुंबं उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर घालवतात. मग किमान आहाराचा खर्च गुणिले तीन, अशी रेषा त्यांनी आखली. त्यानंतर अन्नाचा वाटा खूप घटला, घरभाडं आणि उपचार महागले, तरी अधिकृत रेषा त्या जुन्या तिपटीवरच महागाई चढवत आलेली आहे. याशिवाय आजारपणानं किती कुटुंबं कर्जात जातात, कर लावल्यावर कुणाच्या खिशाला किती झळ बसते, कोणत्या भागात आहारात प्रथिनं कमी पडतात, हेही याच पाहण्यांतून कळतं.

अडचण अशी की दार उघडणारे कमी होत आहेत. अमेरिकेच्या मुलाखतींना 1990 च्या सुमारास 80 टक्क्यांहून अधिक घरं प्रतिसाद देत. 2020 नंतर हे प्रमाण निम्म्याखाली आलं. नकार देणाऱ्यांत सधन घरं जास्त असल्यानं वरच्या थराचा खर्च अपुरा दिसतो. मग माणसांना विचारायचंच कशाला, दुकानांच्या बिलांतूनच माहिती घेऊ, असा विचार पुढे आला. नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयानं किराणा खरेदीच्या पावत्या थेट दुकानसाखळ्यांकडून मागितल्या, आणि त्यांचे पैसे कुणी भरले ही माहिती पैसे चुकते करणाऱ्या यंत्रणेकडून मागितली. जवळपास सगळ्या लोकसंख्येच्या खाण्यापिण्याची नोंद सरकारच्या हाती जाणं तिथल्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाला मान्य झालं नाही, आणि 2023 मध्ये त्यांनी ही योजना थांबवली.

पावतीवर रक्कम अचूक असते. पण रोखीनं घेतलेलं, शेजारून आणलेलं, परसात पिकवलेलं तिच्यावर येत नाही, आणि घेतलेलं कुणाच्या ताटात गेलं हे तिला माहीत नसतं. ते विचारायला अजून दारापर्यंतच जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: या घरात एका चुलीवर जेवणारी माणसं किती?