रीफ टँकची गाळण यंत्रणा

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ, मासे व इतर समुद्री जीव एकत्र ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गोड्या पाण्याच्या टाकीत फिल्टरचे काम बहुतेक इथे संपते. प्रवाळांच्या टाकीत मात्र नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आत राखायचे असते. फॉस्फेट वाढले की दगडी प्रवाळांची सांगाडा बांधण्याची गती मंदावते आणि दगडांवर शेवाळ चढते. म्हणून कोणतेही उपकरण घेताना आधी एवढेच पाहावे, की ते घाण पाण्याबाहेर काढते की स्वतःच्या पोटात साठवून कुजवते.

या कसोटीवर कॅनिस्टर फिल्टर मागे पडतो. त्याच्या बंद डब्यात स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा आणि गाळ एकत्र बसतात. तो वेळच्या वेळी धुतला नाही, तर गाळ कुजून नायट्रेट चढत जाते. वीज गेल्यावर डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जीवाणू मरू लागतात आणि वीज येताच तेच दुर्गंधीयुक्त पाणी टाकीत ढकलले जाते. भारनियमनाच्या भागात हा दोष एखाद्या रात्रीत टाकी घालवू शकतो. घरात कॅनिस्टर आधीच असेल तर आतले सगळे काढून फक्त सक्रिय कार्बन (रसायने शोषणारा कोळसा) ठेवण्यासाठी वापरावा आणि दर आठवड्याला धुवावा.

आजची मांडणी दोन वाटांनी आली. इंडोनेशियात ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (समुद्रातून जीवाणूंसह आणलेला सच्छिद्र खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत मांडली. पुढे जर्मनीतील हौशी मंडळींनी खडकाला स्किमरची (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या उपकरणाची) जोड दिली, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. अमेरिकेत १९८६ नंतर काही वर्षे ठिबक फिल्टरची लाट होती. त्यात प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर अमोनियाचे नायट्रेट झपाट्याने होई, पण नायट्रेट तिथेच साचत राही. म्हणून ती ओसरली आणि बर्लिन पद्धत टिकली.

खडक

जैविक गाळणीचा मुख्य भार खडकावर असतो. त्याच्या पृष्ठभागावर अमोनिया खाणारे जीवाणू राहतात आणि आतल्या प्राणवायूविरहित पोकळ्यांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे. प्रमाण ढोबळमानाने दर १० लिटरला १ किलो धरतात. खडक सच्छिद्र आणि हलका असेल तर त्याहून कमी पुरतो. भारतात दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत म्हणून तिथला प्रवाळखडक उचलून आणता येत नाही, आणि प्रवाळ विकत घेतानाही हा कायदा पाहावा लागतो. त्यामुळे सिरॅमिकचा किंवा सिमेंट-चुन्यात घडवलेला कोरडा खडक वापरणे बरे. त्यावर जीवाणू बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर न्यावा; तेवढा अमोनिया आणि त्यातून झालेले नायट्राइट २४ तासांत शून्यावर आले की पहिला मासा सोडता येतो. सिमेंटचा खडक आधी काही आठवडे पाणी बदलत भिजवावा, नाहीतर पीएच चढतो.

सम्प

टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी म्हणजे सम्प. वरच्या टाकीचे पाणी पाइपाने तिच्यात उतरते आणि पंप ते परत वर चढवतो. स्किमर, हीटर, कार्बन सगळे त्यात बसते. बाष्पीभवनाने घटणारी पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते, वरच्या टाकीत नाही.

उदाहरणादाखल ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, सुमारे १८० लिटरची टाकी घेऊ. तिला सम्पमधून ताशी ३ ते ५ पट, म्हणजे ५५० ते ९०० लिटर पाणी फिरले की पुरे. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतल्या वेव्हमेकरने (पाणी ढवळणाऱ्या पंपाने) द्यायचा असतो, तो सम्पच्या पंपाकडून मागू नये. पंप घेताना खोक्यावरचा आकडा फसवतो, कारण तो शून्य उंचीवरचा असतो. ताशी २००० लिटरचा पंप सव्वा मीटर उंची आणि पाइपाची दोन-तीन वळणे (एल्बो) पार केल्यावर जेमतेम निम्मे पाणी देतो. कंपनीचा उंची-प्रवाह तक्ता पाहूनच पंप घ्यावा.

सम्पचा आकार ठरतो वीज गेल्यावर खाली येणाऱ्या पाण्यावरून. ओव्हरफ्लोच्या (वरचे पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) दात्यांपर्यंत ३ सेंटिमीटर पाणी उतरले तर १२ लिटर येतात. पण परतीच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर बुडालेले असेल, तर पाणी उलटे ओढले जाऊन ४० लिटर खाली येतात आणि फरशीवर समुद्र होतो. यावर उपाय म्हणून पाइपाला पृष्ठभागालगत छिद्र पाडतात, पण ते शेवाळाने बुजते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय किंवा चुन्याचा थर अडकतो. दोन्हींवर भरवसा न ठेवता पाइपाचे तोंड पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरच्या आत ठेवावे, आणि टाकी भरल्यावर मेन स्विच बंद करून सम्पमधले पाणी कुठवर चढते तिथे खूण करावी. रोजच्या वापरात या खुणेचा हिशोब मोडेल इतके पाणी कधी भरू नये. खाली जाणारे पाइप दोन असावेत. एक व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरून वाहणारा, दुसरा आपत्कालीन, कोरडा. एकाच पाइपावर काम भागवले आणि त्यात शेवाळाचा गोळा अडकला, तर सम्पचा पंप वरची टाकी ओसंडून टाकतो.

पाणी सम्पमध्ये शिरते तिथे १०० ते २०० मायक्रॉनची फिल्टर पिशवी लावतात. ती ३ ते ४ दिवसांनी बदलावीच लागते. हे जमणार नसेल तर पिशवी न लावणेच चांगले.

प्रोटीन स्किमर

उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातले सेंद्रिय रेणू बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतात आणि कपात जमा होतात. कुजण्याआधीच घाण काढणारे उपकरण म्हणून बजेटचा मोठा वाटा यालाच द्यावा. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून तिथे तो चालत नाही.

कंपनीने सांगितलेली क्षमता बहुधा कमी मासे असलेल्या टाकीसाठी असते. आपल्या एकूण पाण्याच्या दीडपट क्षमता घ्यावी. तिप्पट घेतल्यास फेस धरायला पुरेशी घाणच नसते आणि कप रिकामा राहतो. किती खोल पाण्यात तो ठेवायचा ते पुस्तिकेत दिलेले असते, बहुतेक १८ ते २४ सेंटिमीटर. ती पातळी बदलू नये म्हणून सम्पमध्ये त्याचा कप्पा काचेच्या आडव्या पट्टीने वेगळा करतात. कप काढायला वर १२-१५ सेंटिमीटर जागा आहे का, हे कपाट बनवण्याआधी मोजावे.

नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे वेड्यासारखा उतू जातो किंवा अजिबात फेस देत नाही. थांबावे, रोज सेटिंग बदलू नये. तेलकट खाद्य पडले तर फेस काही तास बसतो. प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुटी लावल्यावर उलटे होते, कप भरून वाहतो. फेस हळूहळू मंदावला तर हवेच्या नळीत मीठ साचलेले असते. आरओचे कोमट पाणी नळीतून सोडले की ती मोकळी होते. कपाची मान ३-४ दिवसांनी पुसावी, पंप तीन-चार महिन्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवावा.

८० लिटरखालच्या टाकीला स्किमर आणि सम्प दोन्ही नसले तरी चालते. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलले की तेवढ्यावर भागते. मोठ्या टाकीतही २० लिटर बदलायला ७०० ते ७५० ग्रॅम रीफ सॉल्ट लागते, त्याचा महिन्याचा खर्च आधीच धरावा.

बाकीचे

सक्रिय कार्बन पाण्याचा पिवळेपणा आणि प्रवाळांनी एकमेकांवर सोडलेली रसायने शोषतो. तो ३-४ आठवड्यांनी बदलायचा. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे एकदम जास्त घातले तर फॉस्फेट शून्यावर येऊन प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचे तपकिरी जाळे पसरते. अर्ध्या मात्रेने सुरुवात करून दर आठवड्याला चाचणी घ्यावी. सम्पमध्ये जागा असल्यास कीटोमॉर्फा शेवाळ रात्री दिवा लावून वाढवतात. ते नायट्रेट-फॉस्फेट खाते आणि रात्री घसरणारा पीएच सावरते, पण वाढलेले शेवाळ कापून फेकले तरच उपयोग. यूव्ही दिवा तरंगते शेवाळ व काही परजीवी मारतो. सुरुवातीला त्याची गरज नसते.

पाणी घालताना टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य हवा. घरच्या आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असते, ते काही क्षार पाण्यात परत मिसळते. तेवढा भाग बंद करून पुढे डीआय रेझिनचे (उरलेले क्षार काढणाऱ्या दाण्यांचे) काडतूस जोडावे आणि मीटरवर १ किंवा २ दिसू लागले की रेझिन बदलावे.