पार्श्वभूमी : विरंगुळा केंद्रं आणि साठ-पासष्टचा घोळ

बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड, दोन कॅरम बोर्ड, बोरिक पावडरचा डबा, आणि एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली नेमकी गावाला गेलेल्या सभासदाकडे असते. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राला यापेक्षा फार काही लागत नाही. तरीही अशा केंद्रांसाठी जागा, निधी आणि सवलती मागताना ज्येष्ठांच्या संघटनांची निम्मी शक्ती एकाच प्रश्नावर खर्च झाली : ज्येष्ठ म्हणायचं कुणाला?

देवळाचा पार, चावडी, भजनाची बारी आणि पुण्यातले पेन्शनरांचे कट्टे हा आधीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. पार आणि कट्टे पुरुषांचे होते. बायकांसाठी हळदीकुंकू होतं, पण नवरा गेला की त्याचं बोलावणं थांबायचं. म्हातारपणी, म्हणजे सोबतीची गरज सर्वांत जास्त असताना, विधवेला उघडं राहायचं ते भजनी मंडळ. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने केला तो थेट २०२२ मध्ये.

संघटित रूप आलं ते निवृत्तिवेतन घेणाऱ्या शहरी मध्यमवर्गाकडून. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना एकत्र आणणारा राज्यव्यापी महासंघ १९८० मध्ये उभा राहिला. मार्च १९९५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका बागेत एका डॉक्टरने पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी काही जण दुखावले, आणि मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. टीका करणाऱ्यांना हे खोटं हसू वाटतं, पण सकाळी साडेसहाला बागेत यायला आणि चार ओळखीचे चेहरे बघायला एक निमित्त मिळतं, हे तेही नाकारत नाहीत. पुढे शहरोशहरी नाना-नानी पार्क झाले. विरंगुळा केंद्र आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा हे शब्द नगरसेवकांच्या फलकांमुळे घराघरांत गेले.

आता वयाचा घोळ. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ हे ज्येष्ठांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय धोरण आलं, त्यात वय साठ. आईवडिलांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा २००७ चा, त्यातही साठ. प्राप्तिकरात ज्येष्ठ होण्यासाठी पासष्टी गाठावी लागे, ती अट २०११ च्या अर्थसंकल्पाने साठवर आणली. महाराष्ट्राने मात्र २०१३ च्या धोरणात पासष्ट धरलं. पासष्टची बाजू मांडणारे म्हणत, आयुर्मान वाढलंय, साठीचा माणूस आता म्हातारा राहिलेला नाही आणि सवलतींचा भार तिजोरीवर येतो. यातलं शेवटचं कारणच खरं असावं. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठ ओलांडलेले सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. पाच वर्षांची कात्री लावली की आकडा केवढा खाली येतो, हे समजायला अर्थतज्ज्ञ व्हायची गरज नाही.

पासष्टच्या या अटीला संघांचा आक्षेप होता, आणि तो केवळ सवलतींपुरता नव्हता. राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी बसतो. ऑफिसचा डबा, लोकलमधला ग्रुप, चहाची टपरी हे सगळं एका महिनाअखेरीस संपतं. शासनाच्या लेखी तो ज्येष्ठ व्हायचा ६५ व्या वर्षी. मधली सात वर्षं तो नोकरदार नाही आणि ज्येष्ठही नाही. नव्या ओळखी जुळायच्या तर याच वर्षांत. गुडघे चालतात, कान शाबूत असतात, रिक्षा न करता बागेपर्यंत जाता येतं. पासष्टीनंतर पहिल्यांदा येणारा माणूस बऱ्याचदा बाकावर बसून खेळ बघतो, डाव मांडून घेत नाही. मी ज्या केंद्रात जातो तिथं हे रोज दिसतं.

पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, राज्याने साठ मान्य केलं. प्रश्न सुटला असं त्या वेळी छापूनही आलं. एसटीच्या निम्म्या तिकिटाला मात्र पासष्टची अट तशीच राहिली. २०२२ पासून पंच्याहत्तर ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट. संघाची मंडळी एसटीने आळंदीला निघाली तर कोषाध्यक्षाने हिशेब असा मांडायचा : पंच्याहत्तरीचे आजोबा फुकट, सत्तरीचे काका अर्धे, साठीच्या काकू अर्ध्या, आणि त्यांच्याच शेजारी बसलेले बासष्टीचे यजमान पूर्ण. रेल्वेने पुरुषांना साठ आणि स्त्रियांना अठ्ठावन्न धरून दिलेली सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती परत आलेली नाही. २०२४ मध्ये राज्यानेच दोन योजना आणल्या. तीर्थदर्शनाला साठ, आणि चष्मा, श्रवणयंत्र, काठीसाठीच्या तीन हजार रुपयांना पासष्ट. ज्याला काठी मिळत नाही त्याने तीर्थाला जावं, असा आमच्याकडचा विनोद आहे.

पासष्ट हा आकडा टाळेबंदीतही पुन्हा भेटला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पासष्ट ओलांडलेल्यांना घरीच थांबायला सांगितलं, बागांना कुलपं लागली. उघडल्यावर आमच्या शेडमध्ये कॅरमचे चारही खेळाडू पुन्हा जमायला बरेच आठवडे गेले. एकाने येणं सोडलंच. आजार काही नव्हता, सवय मोडली होती.

गप्पा, खेळ आणि भजनाने प्रकृती सुधारते का, यावर अभ्यास बरेच आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या पाहणीत पंच्याहत्तर ओलांडलेल्या ४६९ जणांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. त्यावरून कॅरम हे औषध ठरवायची घाई आपल्याकडचे वक्ते करतात. पत्त्यांतला मेंढीकोट खेळल्याने डोकं शाबूत राहतं, की डोकं शाबूत असलेलाच मेंढीकोट खेळायला येतो, हे अशा पाहणीतून सुटत नाही. ज्याला विसरायला होतंय तो आधी डाव सोडतो. 'आज नको' म्हणतो, आणि घरच्यांना वाटतं कंटाळा आला असेल.

एक उपयोग मात्र कुठलाही अभ्यास न वाचता कळतो. ठरलेल्या भिडूविना डाव अडतो, म्हणून दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. एकट्या राहणाऱ्या एका सभासदाने फोन उचलला नाही, म्हणून दोघं घरी गेले. ते न्हाणीघरात पडलेले होते. कमरेचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होते. मुलगा परदेशात, शेजारचा फ्लॅट बंद.

स्त्रियांची हजेरी अजूनही निम्म्याहून कमी आहे. कारण विचारलं तर चारचौघांत 'घरचं काम' असं उत्तर येतं. बाजूला घेऊन विचारलं तर कळतं की शेडजवळ स्वच्छतागृह नाही आणि सर्वांत जवळचं रस्त्यापलीकडे आहे. आमच्या प्रभागात नवं केंद्र मंजूर झालंय, स्वच्छतागृहासह. ते पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.