घोडा तयार करणं जुनं, स्पर्धेला नेणं नवं

ऐक, तेर, पंझ, सत्त, नव. मराठी कानाला हे आकडे लगेच ओळखू येतात. पण ते कोरलेले आहेत आजच्या तुर्कस्तानातल्या हत्तुशा या हित्ती राजधानीत सापडलेल्या मातीच्या फलकांवर. मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी रथाच्या घोड्यांचं वेळापत्रक सांगून ठेवलं. मजकूर हित्ती भाषेत, पण घोड्याच्या फेऱ्या मोजणारे शब्द संस्कृतच्या कुळातले: ‘ऐकवर्तन्न’ म्हणजे एक फेरी. काही महिन्यांच्या या कार्यक्रमात कुठल्या दिवशी किती अंतर, चंदी-वैरण कधी द्यायची आणि कधी तोडायची, अंगावर झूल टाकून घाम कसा काढायचा, मग कोमट पाण्याने धुऊन नदीवर कधी न्यायचं, सगळं आहे. दम हळूहळू वाढवायचा हे तेव्हाच कळलेलं होतं.

ते घोडे लढाईचे. शर्यतीचं म्हणाल तर ग्रीसमधल्या ऑलिंपियात चार घोड्यांच्या रथांची शर्यत इ.स.पू. ६८० पासून सांगतात. मान मात्र मालकाचा. स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. ३९६ मध्ये विजेती ठरली, रथ हाकला दुसऱ्यानेच. त्याच शतकात झेनोफोन हा ग्रीक लेखक बजावत होता की, जबरदस्तीने करून घेतलेल्या कसरतीत देखणेपण नसतं. नर्तकाला चाबूक मारून नाचवल्यासारखंच ते.

स्वाराच्या बैठकीची गोष्ट फार उशिरा सुधारली. उडी घेताना स्वार मागे रेलायचा, लगाम ताणला जायचा आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसायचा. १९०० च्या सुमारास इटालियन घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली याने रिकिबीवर भार देऊन पुढे झुकायला आणि घोड्याची मान मोकळी सोडायला शिकवलं. आज उडीच्या स्पर्धेत दिसते ती हीच बैठक.

घोडा तयार झाला तरी तो पोहोचवायचा कसा? पूर्वी चालवतच न्यायचे, म्हणजे घोडा दमूनच मैदानात. १८३६ मध्ये इंग्लंडात डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीआधी एलिस हा घोडा गुडवुडलाच होता, कित्येक दिवसांच्या वाटेवर. आता तो कसला येतोय, असा पैजवाल्यांचा हिशेब. एलिसचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने आतून गादी लावलेली गाडी बनवून घेतली, तिला घोडेच जुंपले आणि वाटेत ते बदलत एलिसला ताजातवाना पोहोचवला. एलिस जिंकला. (गाडी ओढणाऱ्या घोड्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत.)

स्पर्धांचे नियम घोडदळाकडून आले, तसा हट्टही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरावीक चाली करून दाखवण्याचा प्रकार, आहे, पण बराच काळ तो लष्करी अधिकाऱ्यांपुरताच होता. १९४८ चं सांघिक सुवर्ण स्वीडनला परत करावं लागलं, कारण त्यांचा एक स्वार खरा सार्जंट, खेळांपुरता अधिकारी केलेला. १९५२ मध्ये हा नियम गेला, आणि त्याच तिघांनी पुन्हा सुवर्ण मिळवलं. बायकांनाही तेव्हाच ड्रेसाजमध्ये प्रवेश मिळाला. पोलिओमुळे जिला खोगिरावर चढवावं लागायचं, त्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य जिंकलं.

१९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालं. घोड्यांच्या स्पर्धा मात्र जूनमध्येच स्टॉकहोमला उरकल्या. ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक होते की बाहेरच्या घोड्यांना तिथे उतरताच येईना.