पुरातलं हेलिकॉप्टर आणि ड्रममधलं पाणी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. अशा वेळी हेलिकॉप्टर लागतं, पण त्याचं इंधन आणणारा टँकरही रस्त्यानेच येतो. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ माळावर कोरडा असला, तरी रस्ते तुटले की जमिनीवरच्या पथकाला 200 लिटरच्या ड्रमांवर भागवावं लागतं. हवाई दलाचं एमआय-17 हे मोठं हेलिकॉप्टर ताशी 800 लिटरच्या आसपास इंधन पितं, म्हणजे तासाला चार ड्रम.

खरा शत्रू ड्रममधलं पाणी. ड्रम उभा ठेवला की पावसाचं पाणी झाकणावर साचतं. रात्री गारव्याने आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून ड्रम आडवा ठेवतात, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत. दोन्ही इंधनाखाली बुडालेली राहतात आणि पाणी शिरत नाही.

हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरण्याआधी ड्रम उभा करून एका बाजूने किंचित कलता ठेवायचा. पाणी इंधनापेक्षा जड, ते खालच्या कडेला जमतं. पंपाची नळी उंच बाजूने घालायची आणि तळापासून चार बोटं वर ठेवायची. विमानाच्या केरोसिनमधलं पाणी बसायला दर फुटाला एक तास, हा जुना ठोकताळा. ड्रम जवळपास तीन फुटांचा, म्हणजे तीन तास. घाईत हेच तास कापले जातात, आणि हीच चूक महागात पडते: फिल्टर तुंबतो, पाणी इंजिनापर्यंत गेलं तर इंजिन विझतं.

नमुना काचेच्या बरणीत घेऊन गोल फिरवायचा. पाणी असेल तर मधोमध थेंब जमतो. अगदी बारीक, विखुरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी रंग बदलणारी कॅप्सूल असते. हेलिकॉप्टरच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी ड्रम, पंप, नोझल आणि हेलिकॉप्टर तारेने जोडायचे. वाहत्या इंधनात स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते.

इंधन किती भरायचं हाही हिशेबच. तासाभराचं जादा इंधन म्हणजे सुमारे 640 किलो, म्हणजे आठ-नऊ माणसांची जागा गेली.

उतरायच्या जागेचं काम तितकंच महत्त्वाचं. 12 टनांचं एमआय-17 जमिनीलगत तरंगताना पंख्याखालचा वारा ताशी 90 किलोमीटरच्या घरात जातो. सुटे पत्रे, ताडपत्र्या, उसाचं पाचट आधीच हलवावं लागतं. उडालेली ताडपत्री पंख्यात गेली तर हेलिकॉप्टर पडू शकतं. शिरोळकडच्या काळ्या रानात तर चाकच रुततं. एक चाक चिखलात अडकलेलं असताना वैमानिकाने उचल दिली, तर हेलिकॉप्टर त्या चाकाभोवती कलंडतं आणि काही क्षणांत आडवं होतं. म्हणून मुरमाचं मैदान शोधायचं. नसेलच तर चाकांखाली जाड फळ्या अंथरायच्या. तरीही वैमानिक पंखा फिरता ठेवून थोडं वजन त्याच्यावरच तोलतो, आणि मदतीची पोती उतरवणारे वैमानिकाच्या नजरेसमोरूनच ये-जा करतात, शेपटीकडे कधीच जात नाहीत.