मोटरहोमने लुंबिनी आणि नेपाळ : निघण्याआधी एवढं वाचा

वर्धा-यवतमाळकडून आमच्याकडे मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घ्यायला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी बघायची असते. 1956 साली नागपूरला दीक्षा दिल्यावर महिनाभरात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, त्यामुळे पुढे तिथपर्यंत जायची इच्छाही असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्या. झोपायला जागा, घरचं जेवण आणि संडास गाडीतच असल्यानं त्यांचे हाल होत नाहीत.

जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर करत नेपाळच्या सरहद्दीवरचा सोनौलीचा नाका येतो. पलीकडे लुंबिनी तासाभरावर.

खरी अडचण येते ती नाक्यावर, कागदांची. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 ते 65 वयाच्या माणसाचं नुसतं आधार कार्ड चालत नाही. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या वरची मंडळी यांना वय आणि ओळख दाखवणारा फोटोचा कागद पुरतो, त्यात आधारही आलं. कार्ड घरी राहिलं म्हणून नाक्यावरून परत फिरणं फार जिवाला लागतं.

गाडीसाठी भन्सार, म्हणजे नेपाळचा कस्टम, भरावा लागतो. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा. आपली गाडी पिवळ्या नंबरपाटीची, म्हणजे भाड्याची, म्हणून वाहतूक परवानाही काढावा लागतो. आरसी, पीयूसी, चालकाचं लायसन्स आणि आमचं अधिकारपत्र एकाच फाईलमध्ये ठेवा. विम्याचं नीट ऐका : साधी पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते. ते आम्ही करून देतो, त्याशिवाय गाडी नाक्यापलीकडे नेऊ नका. भन्सारच्या पावतीवर तारीख विक्रम संवताची असते, आपल्यापेक्षा सुमारे 57 वर्षं पुढची. शेवटचा दिवस कोणता ते खिडकीवरच विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या. मुदत उलटली की दंड बसतो.

पैशाचा हिशोब सोपा आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160. दुकानदारानं भाव सांगितला की ‘आयसी की एनसी?’ विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी ते कळतं. शंभरच्या आणि लहान नोटा जास्त न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

पोखरा-काठमांडूकडे जाणार असाल तर घाट दिवसाच चढा. उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा नको, गिअर खाली घ्या. गाडी चालताना गॅस सिलिंडरचा नॉब बंदच हवा, शेगडीचा नव्हे, सिलिंडरचा. रस्त्यावरच्या गाईला फार जपा. तिथं गाय राष्ट्रीय प्राणी आहे आणि तिला ठार मारणं गुन्हा आहे. अंधार पडायच्या आत हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या आवारात गाडी लावा. रस्त्याकडेला मुक्काम करू नका.

पावसाळ्यात आम्ही घाटात गाडी देत नाही. नारायणघाट ते मुगलिंग रस्त्यावर दरडी कोसळतात, 2024 च्या जुलैत तिथं दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात दाट धुकं असतं. कापूस वेचून झाला, तूर घरी आली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघा.

गाडी ठरवायला याल तेव्हा सगळ्यांचे वर सांगितलेले ओळखीचे कागद सोबत आणा. नाव आणि फोटो जुळतात का ते आम्ही तेव्हाच बघून देतो.