ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल ट्रकचा एक्झॉस्ट बदलण्यापूर्वी : पात्रता, परवानगी आणि कागदपत्रे

न्हावा शेव्याहून कंटेनर भरून निघालेली गाडी बोरघाटात ओढत नाही, अशी तक्रार केली की मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट पाइप बसवण्याचा किंवा डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकण्याचा सल्ला मालकाला हमखास मिळतो. हा खर्च करण्यापूर्वी कायदा कोणत्या बदलाला मुभा देतो, हे पाहणे आवश्यक आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. त्यामुळे गंजलेल्या किंवा फुटलेल्या सायलेन्सरच्या जागी कंपनीच्याच तपशिलाचा भाग बसवणे ही साधी दुरुस्ती ठरते. तिच्यासाठी अर्ज लागत नाही, मात्र बिल जपून ठेवावे. याउलट, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाडीतील डीपीएफ किंवा अ‍ॅडब्लू यंत्रणा (युरियाचे द्रावण वापरून धुरातील विषारी वायू कमी करणारी) काढणे अथवा बंद करणे कोणत्याही अर्जाने नियमित होत नाही. अशा फेरबदलासाठी कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुळात ओढ कमी होण्याचे कारण पुष्कळदा पाइपच्या व्यासात नसतेच. बंदराच्या रांगेत इंजिन तासन्‌तास नुसते चालू राहिले, तर एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, डीपीएफमध्ये काजळी साचते आणि नंतर चढावर इंजिनाची ताकद घटते. ती काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून आधी अधिकृत कार्यशाळेत रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळण्याची प्रक्रिया, आणि फिल्टरची तपासणी करून घ्यावी. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : एक्झॉस्ट ब्रेक एक्झॉस्टच्या नळीतील दाबावर काम करतो, त्यामुळे नळीत मनमानी बदल केल्यास भरलेला ट्रेलर घाटातून उतरवताना चालकाचा मोठा आधार जाऊ शकतो.

उत्पादकाच्या किंवा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयच्या, प्रमाणपत्रासह एखादा भाग बसवायचा असेल, तर तो बसवण्याआधीच वाहन जिथे नोंदले आहे त्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. फेरबदलाची नोंद परिवहन संकेतस्थळावरील ‘वाहन’ या ऑनलाइन सेवेतून अर्ज करून घेता येते. मंजुरीशिवाय बदल झाला असल्यास १४ दिवसांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे; परंतु केवळ कळवल्याने निषिद्ध बदल वैध होत नाही.

अर्जासोबत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र, भागाचे बिल आणि त्याचे मान्यता प्रमाणपत्र तयार ठेवावे. गाडीवर कर्जबोजा असल्यास वित्तपुरवठादाराची लेखी संमती अर्जाआधीच मिळवावी, कारण ती नसल्यास प्रकरण अडकण्याची शक्यता असते. मोटार वाहन निरीक्षकाने बोलावल्यास गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते.

एक्झॉस्ट बदलल्याने नोंदणीतील एकूण भारक्षमता वाढत नाही. त्या मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.